वडिलांच्या मोबाईलवर अडकलेली शिष्यवृत्ती

ऑक्टोबर 2021 मध्ये समुपदेशनासाठी आलेला प्रश्न असा होता: 'वडील एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. मी खासगी कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती अजून आली नाही. कॉलेज म्हणतं 98 हजार बाकी आहेत, त्याशिवाय परीक्षेचा फॉर्म नाही. आई शिवणकाम करते, भाऊ दहावीत आहे. सरकारने आमच्यासारख्यांसाठी दहा लाख जाहीर केलेत म्हणे, ते कसे मिळतील? नाहीतर एक वर्ष ड्रॉप घेऊन नोकरी धरू का?'

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि एकसारख्या दोन-तीन प्रकरणांतले दुवे इथे एकत्र केले आहेत. पण प्रश्न नेहमीचाच, कोरोनाच्या दोन वर्षांत सर्वाधिक विचारला गेलेला.

सगळ्यात आधी दहा लाखांचा विषय मिटवावा लागला, कारण घरातली निम्मी आशा त्यावर टांगलेली होती. 29 मे 2021 ला जाहीर झालेली पीएम केअर्सची ही योजना आई आणि वडील दोघेही गमावलेल्या मुलांसाठी होती. एकच पालक उरलेला होता आणि तोही गेला, किंवा कायदेशीर पालक गेले, तरी ती लागू होई. शिवाय मृत्यूच्या दिवशी मूल 18 वर्षांच्या आतले असावे लागे. इथे आई हयात आणि मुलगी 19 वर्षांची, त्यामुळे दोन्ही अटी नडल्या. राज्याची 5 लाखांच्या मुदतठेवीची योजनाही दोन्ही पालक गमावलेल्यांसाठीच. धाकट्या भावाला मात्र एक दार उघडे होते. बालसंगोपन योजनेला एक पालक गेलेला पुरतो. तेव्हा महिन्याला 1,100 रुपये मिळत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. रक्कम छोटी म्हणून बरीच घरे हा अर्ज करतच नाहीत. दहावीच्या मुलाचे वह्या-पुस्तकांचे भागते, आणि आईच्या शिवणकामातून तेवढे सुटतात.

मग 98 हजारांचा आकडा फोडला. या कॉलेजची शिकवणी फी 88 हजार, विकास शुल्क वगैरे धरून आणखी 10 हजार. मुलगी कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) आलेली, खुल्या प्रवर्गातली, उत्पन्न 8 लाखांच्या आत, म्हणजे राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची निम्मी शिकवणी फी तिला तेव्हा लागू. पहिल्या वर्षी वडिलांनी आपल्या वाट्याचे 44 आणि वरचे 10 असे 54 हजार भरले होते. उरलेले 44 हजार सरकारकडून यायचे होते, ते आले नाहीत आणि कॉलेजच्या खातेवहीत तिच्या नावावर 'बाकी' म्हणून चढले. त्यात यंदाचे 54 मिळवले की झाले 98. पावत्या समोर ठेवून हे मांडले तेव्हा तिच्या लक्षात आले की आपल्याला खरे उभे करायचेत ते 54. उरलेले 44 कुठे अडकलेत ते शोधायचे आहे. घाबरलेल्या विद्यार्थ्याला एकच आकडा ऐकू येतो, तोही काउंटरवर ओरडून सांगितलेला. म्हणून पहिले काम कागदावर दोन रकाने पाडायचे: माझ्याकडून येणे आणि शासनाकडून येणे.

महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज कुठे थांबलाय ते दिसते. विद्यार्थी भरतो, कॉलेजचा लिपिक तपासतो, प्राचार्यांच्या लॉगिनमधून तो विभागाकडे जातो, तिथे मंजूर झाल्यावर रक्कम निघते. तिच्या अर्जाची स्थिती पाहायला लॉगिन करायला गेलो तर पासवर्ड आठवेना. 'पासवर्ड विसरलात' दाबले की ओटीपी जातो वडिलांच्या नंबरवर. अर्ज त्यांनीच सायबर कॅफेत भरून घेतला होता. फोन घरात कपाटात, बंद. चार्ज करून सुरू केला तर सिमला नेटवर्क नाही. रिचार्ज संपलेले, आणि नव्वद दिवस वापर नसला की कंपनी नंबर बंद करू शकते. एप्रिल ते ऑक्टोबर म्हणजे सहा महिने.

या घराचा खरा तिढा इथे होता. कॉलेजने तिचा अर्ज मार्चमध्येच 'सेंड बॅक', म्हणजे दुरुस्तीसाठी परत, केलेला होता. कारण अगदी क्षुल्लक: रेशनकार्डाची पहिलीच बाजू स्कॅन केलेली, कुटुंबातल्या माणसांची यादी असलेले पान नव्हते. योजना कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांपुरती असल्याने ते पान बघितल्याशिवाय लिपिक पुढे सरकत नाही. अर्ज परत आल्याचा निरोप वडिलांच्या फोनवर गेला असणार. त्यांनी तो पाहिला की नाही कोण जाणे. एप्रिलमध्ये ते दवाखान्यात होते. मुलीला वाटत राहिले की सरकारने शिष्यवृत्ती नाकारली. कुणीच नाकारली नव्हती. ती सात महिने एका पानासाठी पडून होती.

कमावता माणूस गेलेल्या घरात कुठल्याही अर्जाआधी एक यादी करावी: त्यांचा मोबाईल नंबर कुठे कुठे जोडलेला आहे? आधार (कुणाकुणाचे), बँक, गॅस, महाडीबीटी, विमा. नंबर चालू असेल तर सगळे बदल होईपर्यंत सर्वांत स्वस्त रिचार्ज मारत राहावे. बंद पडला असेल तर आधार केंद्रात स्वतः जाऊन आपल्या आधारला आपला नंबर लावून घ्यावा. तेव्हा 50 रुपये लागत. बोटांचे ठसे द्यावे लागतात, कागद लागत नाही. हे झाल्यावर महाडीबीटीचे लॉगिन आधारच्या ओटीपीने करता येते. या प्रकरणात एवढ्या एका कामाला बारा दिवस गेले, कारण केंद्रावर टोकन मिळेना.

दुसरी गाठ बँकेची. आधार खात्याला 'जोडलेले' असणे आणि त्याच खात्यात डीबीटीचे (सरकारच्या थेट लाभाचे) पैसे येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थेट लाभ ज्या खात्याशी आधार शेवटचे सीड झाले, म्हणजे लाभासाठी नोंदवले गेले, असेल तिथे जातो. ते आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहून एका मिनिटात कळते. तिचे निघाले एका पेमेंट बँकेत, जे सिम घेताना उघडले गेल्याचे तिला माहीतही नव्हते. राष्ट्रीयीकृत बँकेतल्या शाखेत संमतीपत्र भरून सीडिंग तिथे वळवले. शाखेतला माणूस 'तुमचं आधार लिंक आहेच' म्हणून परत पाठवतो. त्याला 'डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग' असे शब्द वापरून सांगावे लागते (एनपीसीआय म्हणजे ही नोंद ठेवणारे राष्ट्रीय देयक महामंडळ). शुल्काचा भाग कॉलेजच्या खात्यात जातो की विद्यार्थ्याच्या, हे योजनेनुसार ठरते. अनुसूचित जातीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीत 2021-22 पासून केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात यायला लागला आणि त्यातून कॉलेजची फी आपण भरायची असते. तिथे सीडिंग चुकले की गोंधळ दुप्पट.

रेशनकार्डाचे पान जोडून पहिल्या वर्षाचा अर्ज पुन्हा पाठवला. मुदत वाढवून दिलेली होती म्हणून जमले. त्याच दिवशी दुसऱ्या वर्षाचा नूतनीकरणाचा अर्जही भरायला घेतला, आणि इथे ती थबकली. प्रोफाइलमध्ये एक खाना आहे: वडील हयात आहेत का? आदल्या वर्षीचे 'हो' तिथे तसेच होते. तिने ते पान बंद केले, नंतर करते म्हणाली, आणि तीन आठवडे केले नाही. फोन केला की 'साइट चालत नाही' म्हणायची. साइट खरोखरच बरेचदा चालत नसे, त्यामुळे कारण पटण्यासारखे होते. आईशी बोलल्यावर कळले की मुलगी रात्री ते पान उघडून बसते. अशा वेळी समुपदेशकाने 'मी भरून देतो' म्हणण्याचा मोह टाळावा, आणि घाईही करू नये. पर्याय तिच्यापुढे ठेवला: आईने शेजारी बसायचे, खाना आईने निवडायचा, बाकीचा अर्ज मुलीने. तसेच झाले. 'नाही' निवडले की पुढचे खाने आईच्या व्यवसायाचे उघडतात. उत्पन्नाचा दाखलाही आता आईच्या नावे हवा. सेतूतून तहसीलदारांचा, सोबत वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि तलाठ्याचा अहवाल. त्यावर 31 मार्चपर्यंतची वैधता असते. जुना दाखला चिकटवला की अर्ज हमखास परत येतो.

आता 54 हजार. काकांनी शेकडा तीनने खासगी उचल सुचवली होती. महिन्याला 1,620 रुपये नुसते व्याज, तेही आईच्या शिवणातून. ते थांबवायला सांगितले. दुसरा सल्ला मैत्रिणीचा: 'यूजीसी पूर्ण फी परत द्यायला लावतेय, 31 ऑक्टोबरच्या आत कॅन्सल कर.' तो आदेश त्या वर्षी नव्याने प्रवेश घेतलेल्यांसाठी होता. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने प्रवेश रद्द केला असता तर शिष्यवृत्तीचे नूतनीकरणही अडचणीत आले असते. ड्रॉपचेही तसेच. वर्षभराच्या नोकरीतून जे उरले असते त्याहून शिष्यवृत्तीची 44 हजारांची साखळी तुटण्याचा धोका मोठा होता.

एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) स्वनाथ शिष्यवृत्ती मात्र तिला अगदी लागू होती. कोविडने आई-वडिलांपैकी एक जरी गेला तरी चालते, उत्पन्न 8 लाखांच्या आत, वर्षाला 50 हजार, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. पण तिच्यासोबत दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेता येत नाही. हिशेब मांडला. राजर्षी शाहू घेतली तर खिशातून 54 हजार. स्वनाथ घेतली तर पूर्ण 98 भरायचे, 50 मिळायचे, खिशातून 48. फरक 6 हजारांचा, त्यातून परीक्षा शुल्काची निम्मी सवलत गेली ती वेगळीच. आणि स्वनाथच्या जागा देशभरात 2,000, म्हणजे पदवीला 1,000 आणि पदविकेला 1,000. हातातली निश्चित रक्कम सोडून तिकडे जाण्यात अर्थ नव्हता. हाच प्रश्न शासकीय तंत्रनिकेतनात अगदी कमी फी भरणाऱ्या मुलाने विचारला असता तर उत्तर उलटे आले असते. योजना चांगली की वाईट हे विचारण्याआधी आपल्या कॉलेजची फी त्यात घालून बघावी.

उरला मार्ग हप्त्यांचा आणि कर्जाचा. कॉलेजला तोंडी विनवण्या तिने खूप केल्या होत्या. आता लेखी अर्ज दिला: आजवर भरलेली रक्कम, शासनाकडून येणे 44 हजार (अर्ज क्रमांक आणि स्थितीच्या छापील पानासह), उरलेले 54 हजार तीन हप्त्यांत, तारखांसह, आणि परीक्षेचा फॉर्म भरू देण्याची विनंती. झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. तोंडी नकार देणारा लिपिक शिक्क्याच्या अर्जावर 'नाही' लिहीत नाही, तो वर पाठवतो. प्राचार्यांनी हप्ते मान्य केले. कॉलेज सांगतेय ती फी शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेलीच आहे ना, हेही प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ताडून पाहिले. तिथे गडबड नव्हती.

कर्जासाठी विद्यालक्ष्मी हे शैक्षणिक कर्जाचे सरकारी पोर्टल. 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही, आई सहकर्जदार. व्यावसायिक अभ्यासक्रम, कॉलेजला नॅक किंवा अभ्यासक्रमाला एनबीए ही गुणवत्तेची मान्यता आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षणाचा काळ अधिक एक वर्ष एवढे व्याज केंद्र सरकार भरते. अर्जाच्या वेळीच त्या अनुदानाचा उत्पन्न दाखला शाखेत द्यावा, नंतर आठवण कुणी करत नाही.

डिसेंबरमध्ये कोविडने गेलेल्यांच्या कुटुंबाला 50 हजारांच्या सानुग्रह मदतीचे अर्ज राज्याने ऑनलाइन घ्यायला सुरुवात केली. आई अर्ज करायला तयार नव्हती. 'त्यांच्या जिवाचे पैसे' असे तिचे शब्द. त्यावर वाद घातला नाही. एवढेच सांगितले की सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांवरून आपत्ती निधीतून ही रक्कम दिली जाते आणि घेतल्याने कुठला हक्क सुटत नाही. आठ दिवसांनी मुलाने फोन केला, कागद काय लागतात विचारायला. अडचण एकच होती: मृत्यूच्या दाखल्यावर कोविड लिहिलेले नाही. त्या दाखल्यावर कारण छापतच नाहीत, सगळ्यांचेच तसे. चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून 30 दिवसांत मृत्यू झाला असेल तर तेवढ्या कारणाने दावा फेटाळता येत नव्हता. फेटाळलाच तर जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे जायचे. चाचणीचा अहवाल मात्र हवा. तो वडिलांच्या त्याच फोनमध्ये, गॅलरीत सापडला, प्रयोगशाळेने व्हॉट्सॲपवर पाठवलेला. त्यासाठी सिम लागले नाही.

फेब्रुवारीत 50 हजार आईच्या खात्यात आले, त्यातून दोन हप्ते गेले. पहिल्या वर्षाचे 44 हजार मार्चअखेर मंजूर दिसले. पोर्टलवर मंजूर रक्कम खात्यात वळवणारे 'रिडीम' दाबायचे राहिले होते, ते मुलीने दाबले. कर्ज शेवटी घेतलेच नाही. भावाच्या बालसंगोपनाच्या अर्जासाठीची गृहभेट तेव्हाही बाकी होती. तिसऱ्या वर्षी नूतनीकरणाला फक्त उत्पन्नाचा नवा दाखला आणि दुसऱ्या वर्षाची गुणपत्रिका जोडावी लागली. 'वडील हयात आहेत का' या खान्यात मागच्या वर्षीचेच उत्तर आपोआप आले होते.