सेकंडहँड बोट घेतली, डिझेल इंजिन फुल थ्रॉटलला तापतंय. थर्मोस्टॅट काढू, हेड उघडू की जुन्या मालकाकडं पैसे परत मागू?

हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उघडू नका. थर्मोस्टॅटला (इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) तर हातच लावू नका. तुम्ही लिहिलंय की जेटीला उभी असताना काटा ठीक असतो, बाहेर पडून थ्रॉटल दिला की पंधरा-वीस मिनिटांत लालमध्ये जातो, आणि मेकॅनिक म्हणतोय आधी थर्मोस्टॅट काढून बघू, नाहीतर हेड उतरवू. हे वाचलं आणि लिहायलाच बसलो, कारण अगदी ह्याच दोन वाक्यांवरनं माझं आणि माझ्या मामांचं जे वाजलंय ते आजपर्यंत मिटलेलं नाही.

मी बेळगावचा. उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे, डिझेल इंजिनांची कामं वडिलांपासून चालत आलीत. आईचं माहेर वेंगुर्ला. मामेभावानं पर्यटकांना फिरवायला एक जुनी बोट घेतली, पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असतानाच सौदा झाला. विकणाऱ्यानं पंपाचं झाकण उघडून नवाकोरा इम्पेलर (समुद्राचं पाणी ओढणारं रबरी पात्यांचं चक्र) दाखवला, बघा म्हणाला, सगळं मेंटेन केलेलं आहे, आणि तेवढ्यावर हे खूश. पाऊस सरल्यावर बोट पाण्यात घातली आणि तुमच्यासारखंच सुरू झालं, उभी असली की गप्प, पळवली की तापायची.

तिथल्या मिस्त्रीनं पहिल्या दिवशी थर्मोस्टॅट काढून खिशात घातला. जेटीला काटा एकदम खाली आला, मामा म्हणाले बघा, झालं काम. बाहेर गेले तर आधीपेक्षा लवकर तापलं! मग हेड, गॅसकेट, जमलं तर पिस्टन रिंगाही, असा मोठा खर्च मिस्त्रीनं कागदावर लिहून दिला आणि मामा द्यायला तयारही झाले. मी फोनवर म्हटलं, मामा थांबा जरा, मी येतो. तर मामा काय म्हणावेत, "तुमका घाटावरच्यांका दर्यातला काय कळतला!"

हे मला लागलं, आणि अजून लागतंय. अहो, इंजिनाला घाट आणि दर्या कळत नाही, उष्णता कुठनं आली आणि कुठं गेली एवढंच असतं. आणि घाटावरच्यांना मशीन कळत नाही म्हणायचं असेल तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, १८८८ ला त्यांनी सायकलचं दुकान काढलं ते बेळगावातच, किर्लोस्करवाडी नंतर, १९१० ला. आमच्या गावानं लोखंडाचं काम असं पिढ्यान्‌पिढ्या केलंय.

असो. आंबोली उतरून गेलो, बरोबर टेम्परेचर गन (नुसती धरली की तापमान दाखवणारी) घेतली होती. तुम्हीही आधी तीच आणा, डॅशवरच्या काट्यावर विश्वास नको, जुन्या बोटीत सेन्सर आणि अर्थिंगचा काय भरवसा. इंजिन खरंच तापतंय का काटा खोटं बोलतोय हे थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगवर गन धरली की कळतं.

आणि मागं जाऊन एक्झॉस्टमधनं पाणी किती पडतंय ते बघा, हे कुणीच बघत नाही. आमच्या बोटीला पाणी येत होतं, पण थ्रॉटल वाढवला तरी धार वाढत नव्हती, नुसती वाफ वाढत होती. मग हीट एक्स्चेंजरमध्ये (समुद्राच्या पाण्यानं इंजिनातलं पाणी थंड करणारा नळ्यांचा भाग) समुद्राचं पाणी जातं तिथं आणि बाहेर पडतं तिथं असं दोन्हीकडं मोजायचं. बाहेर पडणारं पाणी फार गरम असेल तर पाणीच कमी जातंय. भरपूर पाणी जाऊन कोमटच बाहेर येत असेल आणि इंजिन तरी तापत असेल तर नळ्यांवर थर बसलाय, उष्णता पलीकडं जातच नाही. ह्या एका मापानं निम्मा गोंधळ मिटतो बघा. आमचं पहिलं होतं, बाहेरच्या पाइपला हात लावला तर चटका.

मग सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घ्यायचा बुडाचा कॉक) बघितला, साफ होता. गाळणी साफ. सक्शनचा होज दाबून बघितला, आतनं सुटून चिकटलेला नव्हता. पंपात तो नवा इम्पेलर, सगळी पाती जागेवर. मिस्त्री म्हणाला, "बघितलंत, पाण्याच्या बाजूला काही नाही." मी मामांना एकच विचारलं, हा नवा कशाला बसवला असेल? जुना तुटला म्हणूनच ना? मग त्याची तुटलेली पाती गेली कुठं?

एक्स्चेंजरचं पुढचं झाकण खोललं आणि सगळे गप्प झाले. काळ्या रबराचे तुकडे नळ्यांच्या तोंडावर बुचासारखे बसले होते, आणि त्यांच्या मागं झिंकच्या कांडीचे (गंज स्वतःवर घ्यायला आत लावतात ती) चुरे. पाणी पंपातनं निघतं ते थेट इथं येऊन धडकतं, तुकडे दुसरीकडं जाणार कुठं. (काही इंजिनांत आधी गिअरबॉक्सचा ऑइल कूलर लागतो, तिथंही बघा.) कोअर (आतला नळ्यांचा गठ्ठा) बेळगावला आणला, धुतला, प्रेशर लावून गळत नाही ते बघितलं, नव्या सील घालून बसवला. हेडला कुणी पाना लावला नाही.

आणि थर्मोस्टॅट मी मिस्त्रीच्या खिशातनं काढून घेतला. घरी पातेल्यात दोऱ्यानं टांगून, तळाला टेकू न देता, थर्मामीटर ठेवून तापवला, त्याच्यावर ८२ अंश लिहिलेलं आणि तिथंच उघडायला लागला. चांगला होता! (बेळगावात करत असाल तर उकळत्या पाण्यावर थर्मामीटर तपासून १०० धरू नका, आपण समुद्रसपाटीपासून ७५० मीटरच्या आसपास आहोत, इथं पाणी ९७-९८ लाच उकळतं.)

काढू नका का म्हणतोय, तर बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की खालच्या बाजूनं बायपासचं तोंड बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा, म्हणजे गरम पाण्यातलं बरंचसं एक्स्चेंजरला न जाता परत इंजिनातच फिरतं. म्हणूनच मामांची बोट काढल्यावर लवकर तापली. आणि ज्या इंजिनाला बायपास तसा नाही तिथं उलटं होतं, इंजिन थंडच चालतं, डिझेल नीट जळत नाही, कार्बन धरतो, तेल खराब होतं, वर्षा-दोन वर्षांत खरंच हेड उतरवायची पाळी येते.

मामा अजून म्हणतात मिस्त्रीनं कूलंट (इंजिनात फिरणारं थंड करायचं पाणी) बदलला होता त्यानंच फरक पडला. बदलला होता हे खरं, पण बदलून झाल्यावरही तापतच होती की! मामेभाऊ होता तिथं, त्याला विचारा म्हणतो मी, तो काही बोलत नाही, वडिलांसमोर कसा बोलणार.

हे सगळं हीट एक्स्चेंजरवाल्या इंजिनाचं सांगितलं. तुमचं सरळ समुद्राच्या पाण्यानंच थंड होणारं असेल तर त्याचा थर्मोस्टॅट ६० च्या आसपासचा असतो, जास्त तापलं तर आत मिठाचा थर धरतो, त्यात ८२ चा घालू नका. पाण्याची धार चांगली असूनही तापत असेल आणि काळा धूर असेल तर बोट ढकलणाऱ्या पंख्याला जाळं-दोरी, बुडाला शिंपलं किंवा पंखाच मोठा, म्हणजे इंजिनावर लोड पडतोय. एक्झॉस्ट एल्बो (धूर आणि पाणी एकत्र होतं तो वाकडा पाइप) आतनं गंज-कार्बननं भरतो, तोही काढून बघा. कूलंटच्या टाकीचं झाकण इंजिन गरम असताना उघडू नका, भाजाल. पंप उघडताना सी-कॉक बंद करा आणि सुरू करायच्या आधी आठवणीनं उघडा, कोरडा चालला तर रबर लगेच जातं. स्टार्ट होत नसेल तर सेल्फ मारत बसू नका, एक्झॉस्टचं पाणी सिलिंडरमध्ये येतं. आणि हो, थंड इंजिन चालू करून टाकीत सतत बुडबुडे येत असतील, कूलंट कुठं गळत नसताना कमी होत असेल, तर हेड गॅसकेट असू शकते, तेव्हा मिस्त्रीचं ऐका.

पैसे परत मागायचं नंतर बघा. आधी जुन्या मालकाला फोन करून जुना इम्पेलर आहे का विचारा, असेल तर मागून घ्या आणि त्याची पाती मोजा. जेवढी कमी भरतील तेवढी तुमच्या एक्स्चेंजरमध्ये शोधा.