चांदी खरी म्हणजे रुपया खरा, असं नसतं

प्रश्न : आमच्या आजीच्या ट्रंकेत चांदीचे पाच रुपये मिळाले, दरवर्षी लक्ष्मीपूजनाला ती पाटावर मांडायची ते. १८६२ चा राणीछाप (त्याला माळेत ओवायची कडी लावलीय), १९०१ चा राणीचाच, १९१८ आणि १९४४ चे राजाछाप, आणि एक १८१८ चा, त्यावर ईस्ट इंडिया कंपनी लिहिलंय आणि राम-सीता-हनुमान आहेत. लोहचुंबक लावून बघितलं, एकही चिकटत नाही. सोनाराने कसोटीवर घासून १९४४ चा खोटा म्हणून सांगितला, बाकीचे नुसते वजन करून परत दिले. वजनं आणि फोटो सोबत पाठवलेत. कुठले खरे धरायचे? – एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, आधी एक सांगतो, तो १९४४ चा रुपया खोटा म्हणून कुणाला देऊन टाकू नका, तो मला खरा वाटतोय. सोनाराची चूक नाही म्हणा, त्याला कसावर चांदी कमी दिसली आणि ती कमीच आहे. १९४० पासून सरकारनेच रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं आणि पाच-पाच टक्के जस्त नि निकेल, म्हणून ते रुपये घासले की पिवळट दिसतात. आता त्याची कड बघा, कंगोऱ्यांच्या मधोमध गोल फिरलेली एक बारीक खाच आहे, फोटोत स्पष्ट दिसतेय. नकली रुपये पाडणाऱ्यांना जड जावं म्हणून ती खाच १९४० पासून मुद्दाम दिली. म्हणजे हीच खाच १९१८ च्या रुपयावर दिसली असती तर मी उलट घाबरलो असतो.

सोनार तुम्हाला चांदी किती ते सांगतो, नाणं खरं की खोटं ते नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक इथेच फसतात. चांगल्या चांदीचा आजकाल ओतलेला रुपया कसोटीवर पास होईल पण तो जुना रुपया नव्हे.

चुंबकाचं म्हणाल तर त्याने फक्त लोखंडी माल पकडला जातो. तांबं, पितळ, जर्मन सिल्वर (नावातच सिल्वर, असतं तांबं-निकेल-जस्ताचं मिश्रण) यातलं काहीच चुंबकाला चिकटत नाही आणि नकली रुपये बहुतेक त्याचेच. उलट १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा, तो अगदी खरा असून चिकटतो.

मग बघायचं काय, तर पहिलं वजन. १८३५ पासून रुपया १८० ग्रेनचा म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आपला तोळा तोच, जुनी माणसं रुपयाभार म्हणायची ते काय उगीच नाही. १९३९ पर्यंत त्यात चांदी ९१.७ टक्के. तुमचा १९१८ चा ११.६ भरलाय, झीज धरली तर एकदम बरोबर. त्याच्या मागच्या बाजूला खालच्या कमळाखाली बारीक उठावदार टिंब आहे, म्हणजे तो आपल्या मुंबईच्या टांकसाळीतला, टिंब नसतं तर कलकत्त्याचा. (त्याच साली अमेरिकेने कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी हिंदुस्थानसाठी विकायला काढली, तेव्हा असे रुपये हातात आले की मला राहून राहून वाटतं यात त्यातली किती असेल!)

१८६२ चा १२.१ भरलाय तो कडी आणि ती जोडायला लावलेल्या डाकामुळे. त्यावर व्हिक्टोरिया क्वीन लिहिलंय ते बरोबर, एम्प्रेस हा किताब रुपयावर १८७७ पासून आला, त्यामुळे १८६२ साल आणि एम्प्रेस असं एकत्र दिसलं तर हात लावू नका. तुमचा मला खरा वाटतो. फक्त कडी उपटून काढू नका, नाणं जास्त बिघडेल.

आता १९०१ चा. ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण हा मला नकली वाटतो. १०.२ ग्रॅम. हलका असणं एकवेळ चालतं, पण मग चेहरा गुळगुळीत झालेला हवा, झीज कुठेतरी दिसायला हवी ना, इथे राणीचा मुकुट ठसठशीत आहे मग दीड ग्रॅम चांदी गेली कुठे? शिवाय मोकळ्या जागेत टाचणीच्या टोकाएवढी भोकं आहेत आणि कडेला कंगोऱ्यांवरून एक रेघ गेलीय, ती साच्याच्या दोन भागांची सांध. टांकसाळीत रुपया ठशाने दाबून पाडतात, ओतत नाहीत.

खात्री करायची तर घरीच पाण्याची टेस्ट करा. दोन दशांशापर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या, त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा, मग रुपया दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबकळत धरा, तळाला बाजूला टेकवायचा नाही. काटा जो आकडा दाखवेल त्याने रुपयाच्या कोरड्या वजनाला भागा. जुन्या चांदीच्या रुपयाला साधारण १०.३ येतं, १९४४ च्या निम्म्या चांदीच्याला साडेनऊ, जर्मन सिल्वरला साडेआठच्या आसपास. आधी १९१८ च्यावर हात बसवा मग १९०१ चा करा.

आवाजही ऐका, बोटाच्या टोकावर रुपया तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी मारा, बंदा रुपया लांब गुंजतो. चिऱ्याच्या पायरीवर आपटून वाजवू नका. कडी लावलेला मात्र खरा असूनही बद्द वाजतो.

राहिला राम-सीतेचा, तो देवाजवळ ठेवा, पण कंपनीने असं नाणं कधीच पाडलेलं नाही. हेच नाणं चमत्काराने तांदळाचे दाणे स्वतःकडे खेचतं, लाखोंना जातं असं सांगून लोकांना लुबाडतात. जुनी नाणी विकत घेतो, आधी फी किंवा टॅक्स भरा असा फोन आला तर ठेवून द्या, रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये तसा जाहीर इशाराच दिलाय.

आणि कृपा करून आमसूल, चिंच, पावडर काही लावू नका, काळा थर गेला की संग्राहक किंमत पाडतो. पावसाळ्यात रबरबँड आणि पेपरात गुंडाळून ठेवलेली चांदी तर जास्तच काळी पडते. सुक्या सुती कापडात, डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

प्रश्न : माडाचा खड्डा खणताना चांदीच्या तारा मिळाल्या, केसांच्या पिनेसारख्या दुमडलेल्या, वर अरबीसारखी अक्षरं. दागिना की नाणं? – एक वाचक, दाभोळ

उत्तर : दादा, वर्णनावरून ही लारी वाटते, म्हणजे नाणंच! इराणच्या लार गावावरून नाव पडलं, अरबी समुद्रातल्या व्यापारात चालायची, आणि विजापूरच्या अली आदिलशहा दुसऱ्याच्या नावाच्या लारी तर तुमच्या दाभोळातच पाडल्या गेल्या. अशी चांदीची तार बघून माझं तर मन भरून येतं, पण खरं-खोटं हे वाचता येणाऱ्या माणसाने हातात घेऊनच सांगायला हवं. जमिनीत सापडलेलं असल्यामुळे १८७८ चा निखात निधीचा कायदा लागू होतो, दहा रुपयांवरचा ऐवज असेल तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. तोवर विकू नका, धुऊ नका, आणि कृपया तार सरळ करून बघू नका, लगेच तुटते.