पाकिटावरची तारीख आधी सांगा

प्रश्न: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ माझं छोटं ट्रान्सपोर्ट आहे. 20 जून 2025 ला टेरी टॉवेलच्या गाठी बुक करून भिवंडीला पाठवल्या. वाटेत ताडपत्री फाटून माल भिजला. मालवाल्या पार्टीला तिच्या विमा कंपनीकडून क्लेम मिळाला, त्यामुळे विषय संपला असं मी समजलो. आता त्याच विमा कंपनीच्या वकिलाची 14 लाखांची नोटीस आली आहे. नोटिशीवर तारीख 12 डिसेंबर, मला मिळाली 22 डिसेंबरला. बिल्टीवर (माल बुक केल्याच्या पावतीवर) 'ओनर्स रिस्क', म्हणजे जोखीम मालकाची, असं छापलेलं आहे, गाडीचा फुल इन्शुरन्स आहे. तरीही मला भरावे लागतील का?

उत्तर: ट्रान्सपोर्टवाल्यांची अशी पत्रं वरचेवर येतात आणि प्रत्येकाची सगळी भिस्त त्या 'ओनर्स रिस्क'वर असते. तिचा नाद सोडा. भाडं घेऊन कोणाचाही माल नेणारा तो कॉमन कॅरिअर, आणि त्याच्या ताब्यात माल खराब झाला तर त्याचा निष्काळजीपणा पार्टीला सिद्ध करावा लागत नाही. कॅरेज बाय रोड अॅक्ट, 2007 तसंच सांगतो. जूनमधल्या पावसाला दैवी आपत्ती म्हणायला कुठलं कोर्ट तयार होईल असं वाटत नाही. आणि क्लेम देणारी कंपनी पार्टीच्या जागी उभी राहून तुमच्याकडे वसुली मागू शकते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 2010 मध्येच मान्य केलेलं आहे.

तुमचं प्रकरण उभं आहे ते याच कायद्याच्या कलम 16 वर. दावा लावण्याआधी नुकसानीची लेखी नोटीस वाहतूकदाराला मिळाली पाहिजे, आणि तीही माल बुक केल्याच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत. माल पोचल्यापासून नव्हे, क्लेम पास झाल्यापासूनही नव्हे. 1865 च्या जुन्या कायद्यात नुकसान कळल्यापासून सहा महिने मोजायचे. नव्याने ती सवलत काढून टाकली. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे म्हणून विमा कंपन्या निवांत राहतात आणि नेमक्या इथे अडकतात.

20 जूनपासून 180 दिवस 17 डिसेंबरला भरतात. नोटीस तुमच्या हातात खरोखर 22 ला पडली असेल तर तुमची बाजू चांगलीच भक्कम आहे. पण समोरचा वकील काय म्हणेल ते आत्ताच ऐकून ठेवा: "आम्ही 13 ला पोस्टात टाकली, सोलापूरला दोन-तीन दिवसांत पोचायलाच हवी होती." जनरल क्लॉजेस अॅक्टच्या कलम 27 प्रमाणे बरोबर पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेलं पत्र नेहमीच्या वेळेत पोचलं असं धरलं जातं. उलटं सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते.

आणि तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिता, "पाकीट टाकून दिलं." अहो, नोटिशीचा कागद त्यांच्याकडेही आहे, पाकीट फक्त तुमच्याकडे होतं! त्याच्यावरचा पोस्टाचा शिक्का आणि बारकोड हाच तुमचा पुरावा. आता कचऱ्यात शोधा, नाहीतर पोस्टमनने कोणाची सही घेतली ते विचारा. पोस्टाचा आर्टिकल नंबर बहुधा नोटिशीवरच छापलेला असेल. त्यावरून ट्रॅकिंगची प्रिंट आजच काढा, ती नोंद साइटवर कायम राहत नाही. मग पोस्टमास्तरांना लेखी अर्ज देऊन डिलिव्हरीची तारीख मागा. सही तुमच्या मुनीमजींनी 16 तारखेला केली असेल, तर "मला 22 ला मिळाली" याला काही अर्थ उरत नाही.

दुसरा धोका तुम्ही स्वतःच उभा केलाय. भिवंडीच्या गोदामवाल्याने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले, त्यावर तुम्ही "सॉरी, बघतो" लिहिलंत आणि नंतर पार्टीच्या क्लेमसाठी लेटरहेडवर डॅमेज सर्टिफिकेट दिलंत. त्यात "ताडपत्री फाटल्यामुळे 38 गाठी भिजल्या" असं शिक्क्यासकट आहे. मागणीचा आकडा न लिहिलेला असा मजकूर कलम 16 ची नोटीस ठरू नये, असं मी कोर्टात मांडेन. ते पटेलच याची हमी देत नाही. पार्टीने जून-जुलैत क्लेमचं पत्र किंवा ईमेल पाठवला होता का, याबद्दल तुम्ही अवाक्षर लिहिलेलं नाही. असला एक ईमेल निघाला तर 22 तारखेचा सगळा मुद्दा बाजूला पडेल. आधी मेलबॉक्स उघडा, स्पॅमसुद्धा.

मुदतीचा मुद्दा हुकला तरी 14 लाख पूर्ण भरावे लागतील असं नाही. पार्टीने जादा दराने जोखमीचा करार केलेला नसेल तर 2011 च्या नियमांप्रमाणे जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत असते. भाडं 28,000 म्हणता, म्हणजे 2 लाख 80 हजार. पण बिल्टीत भाड्याच्या रकान्यात आकडा नाही, नुसतं 'टीबीबी' (टू बी बिल्ड, म्हणजे बिल नंतर) लिहिलंय. निदान महिन्याच्या बिलात या बिल्टीचा नंबर आणि भाडं असेल, ते बिल जपा. कायद्याप्रमाणे तुमची कॉमन कॅरिअर म्हणून नोंदणी आहे का, हेही कळवा. नसेल तर दहापटीच्या मर्यादेवर समोरचा हरकत घेईल.

गाडीच्या पॉलिसीतून भिजलेल्या मालाचे पैसे निघतील असं मला वाटत नाही. त्यासाठी कॅरिअर्स लायबिलिटीची, म्हणजे नेलेल्या मालाच्या जबाबदारीची, पॉलिसी वेगळी घ्यावी लागते आणि तिचा हप्ता भरायला आपल्याकडे कुणी तयार नसतं. तरी पॉलिसीची पूर्ण प्रत आणा, नुसतं पहिलं पान नको.

रक्कम 3 लाखांच्या वर असल्याने हा वाद कमर्शियल कोर्टाचा. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर त्यांना दाव्याआधी मध्यस्थीला जावंच लागेल. तेव्हा विधी सेवा प्राधिकरणाचं पत्र येईल. ते तरी पाकिटासकट ठेवा. मध्यस्थी फसली तर पुढच्या तारखांचा हिशेब मी मांडत नाही. नोटीस कधी मिळाली हा पुराव्याचा प्रश्न आहे आणि पुरावा नोंदवायला आपल्याकडे वर्षं जातात.

तोवर विमा कंपनीच्या माणसाशी फोनवर "काहीतरी मिटवू" असं बोलू नका. उत्तर वकिलामार्फतच जाऊ द्या आणि त्यात माल भिजल्याची कबुली पुन्हा देऊ नका. ट्रॅकिंगमध्ये 17 नंतरची तारीख निघाली आणि पार्टीचं आधीचं पत्र किंवा ईमेल नसेल तर एक रुपया देऊ करू नका. आधीची निघाली तर मध्यस्थीतच 2 लाख 80 हजारांच्या आत-बाहेर मिटवा आणि लेखी तडजोड घ्या, ज्यात पार्टी आणि विमा कंपनी दोघांच्याही सह्या असतील.