वाचकांचे प्रश्न : ओढ्यातले मासे आणि डोंगरावरचे रान

गोड्या पाण्यातील स्थानिक मासे आणि ते ज्या ओढ्यांत राहतात त्यांचे पाणलोट क्षेत्र या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पहिल्या पत्रातील अडचण इतरही अनेकांनी कळवली असल्यामुळे त्याचे उत्तर विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : आमचे गाव भीमा खोऱ्याच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या उतारावर आहे. गावच्या ओढ्यात पूर्वी खडस म्हणजे महाशीर, मळ्या, शिंगटी असे मासे भरपूर असत, असे वडीलधारी माणसे सांगतात. आता ओढा शिमग्यापर्यंतही टिकत नाही आणि पावसाळाभर गढूळ वाहतो. ग्रामपंचायतीकडे थोडा निधी आला आहे. पोकलेन लावून ओढ्याचे खोलीकरण करावे, सिमेंटचा बंधारा बांधावा आणि त्यात मत्स्यबीज सोडावे, असा प्रस्ताव आहे. स्थानिक मासे परत यावेत अशी आमची मनापासून इच्छा आहे. सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, भोर तालुका)

उत्तर : सर्वप्रथम एक कळकळीची विनंती आहे, की पोकलेन ओढ्यात उतरवू नका. डोंगरी ओढ्याचे पात्र म्हणजे उथळ खळाळ आणि खोल डोह यांची एकाआड एक अशी रांग असते. खळाळात पाण्यात हवा मिसळते आणि माशांचे खाद्य असलेले किडे वाढतात, तर डोहात मासे उन्हाळा काढतात. खोलीकरण आणि रुंदीकरण केले, की ही सगळी रांग मोडून एकसारखा, सपाट तळाचा चर तयार होतो. २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात अनेक ठिकाणी नाल्यांची अशी खोदाई झाली. तिचा विहिरींना कोठे किती लाभ झाला हा वेगळा विषय आहे, पण ज्या पात्रातील धोंडे, गोटे आणि काठची झुडपे काढली गेली, ते पात्र माशांच्या उपयोगाचे राहिले नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

बिघाड नेमका कोठे आहे, हे ओढ्यातला एखादा दगडच दाखवून देतो. मार्गशीर्षाच्या सुमारास वाहत्या पाण्यातला दोन्ही हातांत मावेल एवढा एक गोटा अलगद उचलून पाहावा. ओढा निरोगी असेल, तर गोट्याखाली मोकळी पोकळी असते, तिच्यातून पट्टेरी मुरी (तळाशी राहणारा छोटा मासा) सुळकन निसटते, दगडाच्या बुडाला बारीक खड्यांची घरटी चिकटवून राहणाऱ्या अळ्या दिसतात आणि खालच्या ओठामागच्या चकतीने दगडाला घट्ट धरून बसलेला मळ्याही अनेकदा सापडतो. ओढा बिघडलेला असेल, तर तोच गोटा अर्धा गाळात रुतलेला असतो आणि उचलल्यावर त्याच्या जागी चिखलाचा साचा उरतो. ज्या माशांची अंडी गोट्यांच्या फटींत पडून राहतात, त्यांना त्या फटींतून सतत ताजे पाणी खेळते लागते. फटी गाळाने बुजल्या, तर अंडी गुदमरतात, मग वरून कितीही बीज सोडले तरी त्या माशांची पुढची पिढी तेथे उभी राहत नाही.

हा गाळ येतो डोंगरावरून, आणि म्हणून कामाची सुरुवातही तेथूनच करावी लागते. आषाढात चांगली झड लागली असताना गावातील चार जाणत्या माणसांनी ओढ्याच्या काठाने वर चालत जावे आणि जेथे जेथे दोन पऱ्हे एकत्र येतात तेथे थांबून कोणत्या पऱ्ह्याचे पाणी लाल येते आणि कोणत्याचे नितळ, ते पाहावे. लाल पाण्याच्या मागे गेले, की बहुधा एक-दोनच जागा सापडतात. कोठे उतार कापून केलेला कच्चा रस्ता असतो, कोठे बंगल्यांच्या प्लॉटसाठी सपाट केलेली टेकडी, कोठे दरवर्षी वणव्यात जळणारे माळरान. अख्ख्या डोंगरावर एकाच वेळी काम करण्याइतका निधी कोणत्याच गावाकडे नसतो, त्यामुळे या एक-दोन जागा अचूक शोधण्यावर निम्मे यश अवलंबून आहे. रस्त्याचे पाणी थेट ओढ्यात न सोडता थोड्या थोड्या अंतरावर आडव्या चरीने गवतात वळवले, तरी गाळ बराच कमी होतो, आणि या कामाला कुदळ-फावडे पुरते.

वणवा थांबवणे हे माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. माघ-फाल्गुनात उतार जळाला, की पालापाचोळा आणि गवताचे आच्छादन जाते, आणि मृगाचा पहिला मोठा पाऊस उघड्या मातीवर पडतो. पावसाळ्यानंतर लगेच जाळरेषा (आग पुढे पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) काढणे आणि उन्हाळाभर राखण ठेवणे यांवर खर्च केलेला पैसा कोणत्याही वृक्षारोपणापेक्षा अधिक फळतो. तोडलेल्या रानात अंजन, ऐन, हिरडा, जांभूळ यांचे खुंट अजून जिवंत असतील, तर चराई आणि कुऱ्हाड काही वर्षे आवरली, की त्यांना आपोआप धुमारे फुटतात. जुन्या मुळांवर आलेला हा फुटवा नव्या रोपापेक्षा लवकर उभा राहतो. उतारावर कारवी असेल, तर तिला झुडूप समजून साफ करू नये, कारण तीव्र उतारावरची माती धरून ठेवण्यात तिचा मोठा वाटा असतो. गावाला देवराई असेल, तर बियाणे तिच्यातूनच घ्यावे. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा अशा अनेक राया पाण्याच्या उगमापाशी राखलेल्या आढळल्या होत्या. ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा ग्लिरिसिडिया लावून डोंगर लवकर हिरवा दिसतो, पण आपल्याला अनेक थरांचे रान हवे आहे, ज्यात उंच झाडांखाली झुडपे आणि झुडपांखाली पालापाचोळा असेल.

सलग समतल चरांविषयीही, म्हणजे पाणी जिरवण्यासाठी उताराला आडव्या, एकाच पातळीत खोदलेल्या चरांविषयीही, लिहिले पाहिजे, कारण तेही आपल्या प्रस्तावात पुढेमागे येईल. कमी पावसाच्या प्रदेशातील मध्यम उतारावर ते उपयोगी ठरले आहेत. घाटमाथ्याजवळ मात्र, जेथे काही ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे तीव्र उतारावर यंत्राने चर खोदले, तर मुळांनी बांधलेली माती सुटते आणि चरात साचलेल्या पाण्याने उतारच खचण्याची भीती असते. तेथे गवत आणि रान हाच बांध समजावा.

ओढा लवकर आटतो, त्याचेही मूळ येथेच आहे. रानाखालची सच्छिद्र माती पाऊस जिरवते, ते पाणी मुरुमातून आणि काळ्या पाषाणाच्या भेगांतून हळूहळू खाली येते आणि झऱ्यांच्या रूपाने उन्हाळ्यात ओढ्याला मिळते. रान परतले म्हणजे ओढा लगेच बारमाही होईल, असे आश्वासन मी देणार नाही, कारण वाढणारी झाडे स्वतःही पाणी पितात आणि झऱ्यांवर पंप बसले असतील तर रानाचा उपाय चालत नाही. परंतु दोन-तीन खोल डोह वैशाखापर्यंत टिकले, तरी माशांची जात टिकते. म्हणून गावाने असे डोह निवडून, त्यांतील पाणी फाल्गुनानंतर उपसायचे नाही, एवढा एक ठराव तरी अवश्य करावा. त्या डोहांच्या काठी करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज ही झाडे आणि अगदी पात्रातल्या खडकांत शेरणीची झुडपे असू द्यावीत. सावलीमुळे पाणी थंड राहते, आणि थंड पाण्यात विरघळलेला प्राणवायू अधिक टिकतो. उंबराची पडलेली फळे आणि पानांवरून गळणारे किडे हे माशांचे खाद्यही असते.

प्रश्न : आमच्या ओढ्यावर एक कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आणि त्याच्या वर रस्त्याची नळ्यांची मोरी आहे. वरच्या भागात रान चांगले राखलेले असूनही तेथे मासे फारसे दिसत नाहीत. यामागे काय कारण असावे? (एक शिक्षिका, वेल्हे परिसर)

उत्तर : आपण वर्णन केले आहे त्यावरून माशांची वाट अडली आहे, असे वाटते. मृगाच्या सरी पडून ओढे वाहू लागले, की अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतो, आणि रायगड-ठाण्याकडे याच हंगामाला वलगण म्हणतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या खांबांमध्ये पाणी अडवण्यासाठी बसवलेल्या फळ्या पावसाळ्यापूर्वी काढणे अपेक्षित असते, पण ते काम लांबले, तर चढणीचे नेमके पहिले दिवसच हातचे जातात. त्यामुळे फळ्या मे महिना संपण्यापूर्वी निघाल्या, हे कोणीतरी दरवर्षी प्रत्यक्ष जाऊन पाहिले पाहिजे.

मोरीकडे अधिक बारकाईने पाहावे. नळ्यांतून जोराने पडणाऱ्या पाण्याने खालच्या बाजूचा तळ वर्षानुवर्षे खरवडला जातो आणि शेवटी नळीचे तोंड पात्रापासून हात-दोन हात उंच, अधांतरी राहते. चकतीने खडकाला चिकटून चढणारा मळ्या ओली कपार पार करू शकतो, परंतु हवेत लटकलेल्या नळीपर्यंत तोही पोहोचत नाही. मोरीच्या खालच्या अंगाला मोठे धोंडे रचून नळीच्या तोंडापर्यंत पायऱ्यापायऱ्यांचा सौम्य उतार करून दिला, तर वाट पुन्हा जोडली जाते. पुढे कधी मोरी नव्याने बांधण्याची वेळ आली, तर नळ्यांऐवजी तळ नैसर्गिक ठेवणारी स्लॅबची मोरी मागावी.

यासोबत एक अवघड गोष्टही गावासमोर मांडावी लागेल. चढणीचे मासे पकडणे हा अनेक घरांचा वर्षानुवर्षांचा आनंद आहे आणि गरिबाघरचे ते पौष्टिक अन्नही आहे, त्यामुळे सरसकट बंदीचा आग्रह मी धरणार नाही. मात्र ओढ्याची पूर्ण रुंदी जाळ्याने अडवू नये, निम्मे पात्र नेहमी मोकळे राहावे आणि पहिल्या पंधरवड्यात पोटात अंडी असलेली मोठी मासळी सोडून द्यावी, एवढे ग्रामसभेने ठरवणे शक्य आहे. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद ठेवली जाते, तिचे कारण लोकांना माहीत असते, तेव्हा ओढ्याबाबतही ते पटते. स्फोटके आणि विष वापरून मासे मारण्याला मात्र कोठेही मुभा नाही. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच त्याला मनाई केलेली आहे.

प्रश्न : आमच्या मंडळाला महाशीरचे बीज आणून नदीत सोडायचे आहे. त्याचबरोबर डासांसाठी गप्पी मासेही सोडावेत, असे काही सदस्य म्हणतात. हे योग्य आहे का? (एक वाचक, पाटण)

उत्तर : गप्पींविषयी उत्तर सरळ नकाराचे आहे. हा मासा दक्षिण अमेरिकेकडचा आहे. बंद टाकीत त्याचा उपयोग करणे वेगळे आणि वाहत्या ओढ्यात सोडणे वेगळे. कपाळावर पांढरा ठिपका मिरवणारा आपला पिकू डासांच्या अळ्या आवडीने खातो आणि तो येथलाच आहे.

महाशीरचे उत्तर अधिक विचारपूर्वक द्यावे लागते. दख्खनच्या महाशीरचे शास्त्रीय वर्णन ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून केले, तेव्हा कृष्णा-भीमा खोऱ्यात तो घरचाच आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथील टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याचे कृत्रिम प्रजनन होऊ लागले, आणि हे काम त्या काळी फार मोलाचे मानले गेले. त्याचे बीज पुढे इतर राज्यांतही गेले व कर्नाटकात कावेरीत सोडले गेले. कावेरीत मूळचा वेगळा, पाठीवर उंचवटा असलेला आणि पन्नास किलोंपर्यंत वाढणारा महाशीर होता. बाहेरून आलेला दख्खनचा महाशीर तेथे फोफावला आणि मूळचा मासा झपाट्याने घटला. २०१८ मध्ये त्या मूळच्या माशाची नोंद संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय तांबड्या यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून करावी लागली. एका नदीचा स्थानिक मासा दुसऱ्या नदीत परका ठरतो, हे लक्षात घेऊनच कोणतेही बीज हाती घ्यावे.

आपल्या नदीच्या खालच्या टप्प्यात खडस अजून असेल, तर बीज सोडण्याची गरजच नाही. वाट मोकळी केली आणि वर डोह राखले, की तो स्वतः चढून येतो. तो खरोखर नाहीसा झाला असेल, तर आधी तो का गेला याचे कारण दूर करावे आणि मगच, तज्ज्ञांच्या सल्ल्याने, त्याच खोऱ्यातील माशांपासून तयार केलेले बीज मागावे. रोहू आणि मृगळ यांचे बीज सहज मिळते म्हणून ओढ्यात सोडू नये, कारण ते मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे आहेत. त्यांची जागा शेततळ्यात. तिलापीला तर ओढ्याच्या आसपासच्या तळ्यातही ठेवू नये, कारण पुरात तळे फुटले, की ती ओढ्यात शिरते आणि मग काढता येत नाही.

प्रश्न : ओढ्यात पडलेली झाडे काढून टाकावीत का? आणि गावकऱ्यांना या कामात कसे ओढावे? (एक वाचक, महाड)

उत्तर : पुलाला किंवा मोरीला अडकून पूर गावात शिरण्याचा धोका असेल, तरच पडलेले झाड काढावे, इतरत्र ते राहू द्यावे. ओंडक्याच्या आडोशाला डोह तयार होतो, पाला साठतो आणि लहान मासे पुराच्या जोरातून वाचतात. अमेरिकेच्या वायव्य भागात विसाव्या शतकाच्या मध्यात सामन माशांची वाट मोकळी करण्याच्या हेतूने जंगली ओढ्यांतील ओंडके मोठ्या प्रमाणावर काढले गेले, आणि पुढे त्याच प्रदेशात यंत्रे व हेलिकॉप्टर लावून ओंडके पुन्हा ओढ्यांत ठेवण्यावर मोठा खर्च करावा लागला.

गावकऱ्यांविषयी म्हणाल, तर आपल्याच तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीच्या श्रद्धेमुळे तेथील डोहातील महाशीर कोणी मारत नाही, आणि खाली-वर मासे घटले असतानाही त्या डोहात ते टिकून राहिले आहेत. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे येथेही देवस्थानाच्या आसऱ्याने मासे राखले गेले आहेत. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी २०२० मध्ये शिस्तुरा हिरण्यकेशी ही मुरीची नवी जात नोंदवली गेली, आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने ती २.११ हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली. एवढ्याशा जागेपुरता मर्यादित असलेला मासा आपल्याही एखाद्या ओढ्यात असू शकतो.

म्हणून पहिल्या वर्षी पैसा लागणारे काम सुरू करण्यापूर्वी आपल्या ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती कार्यरत आहे का, ते पाहावे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार लोकजैवविविधता नोंदवही करण्याचे काम तिच्याकडे असते. त्या नोंदवहीत प्रत्येक डोहाचे नाव, तो कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो आणि त्यात कोणते मासे दिसतात, हे मासे मारणाऱ्या कातकरी व इतर कुटुंबांना विचारून लिहावे. ओढ्याचे ज्ञान त्यांच्याकडेच सर्वाधिक असते, त्यामुळे समितीवर त्यांना सभासद म्हणूनच घ्यावे.