मामांचा फोन मराठीत होता

"मॅडम, माझ्याकडे चालतं. त्यांच्याकडे बंद पडतं."

कॉलेज रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की, आता मी पुढच्या वाक्याची वाटच बघते. ते जरा खालच्या आवाजात येतं. "मला हे प्रोग्रॅमिंग जमणार नाही बहुतेक." कोणी मोबाईल ॲप करत असतं, कोणी दुकानदारासाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर. पहिल्या वाक्यात तक्रार ॲपची असते, दुसऱ्यात थेट स्वतःवर निकाल. मधला पुरावा मात्र कोणीच आणत नाही.

खालची हकिगत अशा अनेकांची मिळून एक केली आहे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी सॉफ्टवेअर तपासणीचं काम करत असे, म्हणून "लॅपटॉप उघड" म्हणायला मला संकोच वाटत नाही.

मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा. मामांची पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग. निर्यातीचा माल म्हटला की औषधाच्या अवशेषांची तपासणी आलीच, त्यामुळे कोणती फवारणी कधी आणि किती केली याची नोंद ठेवावीच लागते. त्या नोंदींसाठी त्याने अँड्रॉइड ॲप केलं होतं. स्वतःच्या फोनवर महिनाभर सुरळीत चाललं. मामांना दिलं आणि दुसऱ्याच दिवशी बंद पडलं.

"नेमकं काय होतं?"

"बंद पडतं."

"कधी?"

"कधीही."

'कधीही', 'नेहमी', 'काहीच नाही' हे शब्द मी सहसा सोडत नाही. नवरा-बायकोच्या भांडणातही ते तपास थांबवतात आणि कोडमध्येही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांवर माझा पिंड पोसलाय. घटना वेगळी आणि तिच्यावर आपण लावलेला अर्थ वेगळा, हे एकदा सुटं केलं की निम्मं काम होतं, असं माझं मत आहे.

मधल्या काळात त्याने काय केलं होतं? अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे ॲप लिहायचं सॉफ्टवेअर, दोनदा काढून पुन्हा टाकला. इंटरनेटवर सापडलेले उपाय एका रात्रीत नऊ ठिकाणी चिकटवले. त्यातल्या कशाने काय बदललं हे त्यालाच सांगता येईना. एका वेळी नऊ गोष्टी बदलल्या तर दुखणं बरं झालं तरी औषध कळत नाही, आणि नवीन दुखणं लागलं तर तेही कळत नाही. म्हणून आधी शेवटच्या चालत्या आवृत्तीवर परत जायचं, मग एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलाची गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, नोंद. जुनी आवृत्ती चालत होती आणि आजची चालत नाही, असं असेल तर बरोबर मधली तपासायची. ती चालली तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही चालली तर मागच्या. ६४ आवृत्त्यांतून दोषी सापडायला असे सहा फेरे पुरतात.

त्याची अडचण मात्र आवृत्तीची नव्हती. जी मामांकडे पडत होती, तीच त्याच्याकडे चालत होती. म्हणून त्याला घरी एकच काम दिलं. मामांच्या शेजारी बसायचं, काही शिकवायचं नाही, हात लावायचा नाही. ते काय दाबतात ते क्रमाने लिहायचं.

पुढच्या आठवड्यात वहीचं पान आलं. पहिली नोंद: ब्लोअरच्या (फवारणी यंत्राच्या) टाक्या ३, औषध लिटरला अडीच मिली, जतन, ठीक. दुसऱ्या दिवशी नवीन नोंद उघडताच ॲप बंद. ॲप काढून पुन्हा टाकलं की पहिली नोंद पुन्हा ठीक.

"म्हणजे 'कधीही' नाही," तो स्वतःच म्हणाला. "दुसऱ्या नोंदीला. दर वेळी."

मला तेवढ्यानेच बरं वाटलं. दर वेळी होणारी चूक ही चांगली चूक. ती पाहिजे तेव्हा समोर बोलावता येते.

त्या दिवशी त्याने मामांचा फोन सोबत आणला होता. ॲप पडलं की अँड्रॉइड पडण्याचं कारण लिहून ठेवतं, फक्त ते पडद्यावर दिसत नाही. फोनच्या माहितीत जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवायचं, की डेव्हलपरचे पर्याय उघडतात. त्यात यूएसबी डीबगिंग चालू करायचं, केबलने फोन लॅपटॉपला जोडायचा आणि अँड्रॉइड स्टुडिओच्या लॉगकॅट या खिडकीत क्रॅशची, म्हणजे ॲप पडल्याची, नोंद पाहायची. मेनूत तो पर्याय शोधताना तो दोनदा चुकला. "मामांच्या फोनमध्ये सगळं वेगळंच आहे," असं पुटपुटलासुद्धा. तेव्हा आम्ही दोघांनीही ते कानाआड केलं.

साठेक ओळी लाल रंगात आल्या आणि त्याचे खांदे पडले. इतक्या लाल ओळी पाहिल्या की मुलांना परीक्षेचा पेपर तपासून आल्यासारखं वाटतं. वाचायची रीत अशी: सगळ्या वाचायच्या नाहीत. 'कॉज्ड बाय' असेल तर सर्वांत खालचा धरायचा, कारण मूळ कारण तिथे असतं. त्याच्या खालच्या ओळींत आपल्या ॲपच्या पॅकेजचं नाव पहिल्यांदा जिथे दिसेल, ती आपली ओळ आणि आपली फाईल. बाकीच्या ओळी बहुतेक अँड्रॉइडच्या स्वतःच्या असतात.

"वाच. मोठ्याने."

"नंबर फॉरमॅट एक्सेप्शन. हे मी पाहिलंय मॅडम, संख्या चुकली की येतं."

"पुढे वाच."

"फॉर इनपुट स्ट्रिंग... अडीच."

"अडीच चुकीची संख्या आहे?"

"नाही."

"मग ती कशी लिहिलीय ते बघ."

तो पडद्याजवळ वाकला. अवतरण चिन्हात '२.५०' होतं. बराच वेळ तो काहीच बोलला नाही. मीही नाही. अशा वेळी समुपदेशकाने उत्तर पुरवू नये, हे मला अनेक चुकांनंतर जमायला लागलंय.

"हे आकडे मराठी आहेत," तो सावकाश म्हणाला. मग फोन उचलून मेनूकडे पाहिलं. "मामांचा फोनच मराठीत आहे. माझा इंग्रजीत." आणि लगेच वकिलासारखा उलटला. "पण मी मित्राच्या हिंदी फोनवर तपासलं होतं. तिथे चाललं!"

तिथे चालणारच. अँड्रॉइडमध्ये हिंदी निवडली तरी आकडे मुळात इंग्रजी वळणाचेच राहतात. मराठी निवडली की देवनागरी होतात. भाषांच्या या सवयी युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांचं मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या, सामाईक माहितीसाठ्यातून येतात. त्याचं ॲप डोस दोन दशांश स्थळांपर्यंत नीट करून मजकूर म्हणून साठवत होतं. त्यासाठी वापरलेल्या स्ट्रिंग फॉरमॅट या आज्ञेला भाषा सांगितली नाही, तर ते फोनची भाषा धरतं. पुढच्या नोंदीला तोच मजकूर वाचून पुन्हा संख्या करायची होती, आणि जावा भाषेतली दशांश संख्या वाचणारी आज्ञा, पार्स डबल, देवनागरी आकडे घेत नाही. गंमत म्हणजे पूर्णांक वाचणारी पार्स इंट घेते. म्हणून टाक्यांचा ३ बिनबोभाट गेला आणि अडीच अडकला. एकाच पडद्यावरची एक संख्या चालते आणि दुसरी नाही, हे पाहून कोणाचाही स्वतःवरचा विश्वास उडावा.

उपाय तीन पदरी. संख्या संख्या म्हणूनच साठवायची, मजकूर म्हणून नाही. मजकूर करावाच लागला आणि तो यंत्रासाठी असेल, म्हणजे फाईल, डेटाबेस, सर्व्हर यांच्यासाठी, तर फॉरमॅटला लोकेल रूट, म्हणजे कुठल्याच भाषेला न बांधलेली निवड, स्पष्ट द्यायची. माणसाने वाचायचा असेल तेव्हाच फोनची भाषा चालू द्यायची, मामांना २.५० दिसावं, ते छानच आहे. तारखेचा मजकूर करणाऱ्या सिंपल डेट फॉरमॅटलाही हाच नियम, नाहीतर सर्व्हरकडे '२०२४-११-०५' देवनागरीत जातं आणि तो विनंती परत पाठवतो. तिसरा पदर मुलं विसरतात: कोड सुधारला तरी फोनमधल्या जुन्या नोंदी देवनागरीतच राहतात. ॲप काढून टाकायला सांगितलं तर हंगामाच्या नोंदी जातील. त्यामुळे डेटाबेसची आवृत्ती एकने वाढवायची आणि श्रेणीवाढीच्या वेळी जुने आकडे एकेक करून बदलायचे.

अँड्रॉइड स्टुडिओ याबद्दल पिवळी सूचना देतो. त्याच्याकडेही ती होती. त्याने ती बंद केली होती.

इथे मला जे उमगलं ते मी तेव्हापासून प्रत्येकाला देते. तो महिनाभर "माझ्यात काय कमी आहे" हे शोधत होता. 'माझ्याकडे चालतं, तिकडे नाही' या वाक्यात खरा प्रश्न दडलेला आहे: दोन्हीकडे काय वेगळं आहे? त्या प्रश्नाची उत्तरं मोजता येतात.

फोनची भाषा, अँड्रॉइडची आवृत्ती, परवानग्या, इंटरनेट. ॲप एम्युलेटरवर, म्हणजे संगणकातल्या नकली फोनवर, चालतं आणि खऱ्या फोनवर सर्व्हर सापडत नाही? एम्युलेटरमध्ये १०.०.२.२ हा पत्ता तुमच्या संगणकाचा असतो. खऱ्या फोनवर लोकलहोस्ट ('हेच यंत्र' असा पत्ता) म्हणजे तो फोन स्वतःच. फ्लटर या साधनाने केलेलं ॲप केबल लावून चालतं आणि रिलीज (वापरायला तयार आवृत्ती) करून दिलं की डेटा येत नाही? इंटरनेटची परवानगी डीबगच्या (चाचणीच्या आवृत्तीच्या) मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या परवानग्यांच्या फाईलमध्ये, तयार मिळते, मुख्य मॅनिफेस्टमध्ये ती आहे का ते बघा. अँड्रॉइड ९ पासून साध्या, म्हणजे कूटबद्ध नसलेल्या, एचटीटीपीला मुळातच मनाई आहे. फोन आडवा केला की भरलेला फॉर्म रिकामा होतो, कारण पडदा मोडून नव्याने बांधला जातो. डेव्हलपरच्या पर्यायांत 'ॲक्टिव्हिटी (ॲपचा पडदा) ठेवू नका' चालू करून हे दोष घरीच पकडता येतात.

डेस्कटॉपवाल्यांचं वेगळं असतं. प्रोग्रॅम फाईल्समध्ये डेटा लिहायला साध्या वापरकर्त्याला परवानगी नसते, तो ॲपडेटा या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये ठेवावा. प्रोग्रॅम चालायला लागणारी व्हीसी रनटाइमची डीएलएल फाईल तुमच्याकडे व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेली असते, ग्राहकाकडे नसते. इन्स्टॉलरमध्ये ती घालावी लागते. आणि तारीख. विंडोजचा प्रदेश अमेरिका असेल तर ५/६ म्हणजे ६ मे. महिन्याचे पहिले १२ दिवस बिलं गुपचूप चुकतात, १३ तारखेला प्रोग्रॅम कोसळतो, आणि दोष १३ तारखेला दिला जातो.

त्याच्या शेवटच्या दोन भेटी छोट्या झाल्या. एकीत आम्ही घरच्या अभ्यासावर बोललो. दुसरीत त्याने यादी दाखवली: मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषा, आडवा फोन, विमान मोड, जुन्या आवृत्तीवरून नवीन. ॲप देण्याआधी तो सगळं फिरवून बघतो.

मागच्या बुधवारी संदेश आला. "मॅडम, मामांकडे पुन्हा बंद पडलं. पाचवी फवारणी घातली की पडतं, चौथीला नाही. लॉग काढलाय. उद्याची भेट रद्द केली तर चालेल का? संध्याकाळी बसतो त्यावर."

मी वेळ दुसऱ्या मुलीला दिली. तिचं डेस्कटॉपचं आहे.