परड्यातल्या कोंबड्या नेमकं कोण नेतंय, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न वाचला. १८ गावठी कोंबड्या होत्या, पंधरा दिवसांत ७ गेल्या. दोन खुराड्यातच मान खाल्लेल्या सापडल्या, बाकीच्यांची नुसती पिसं. शेजारी म्हणतात मुंगूस, आई म्हणतात रानमांजर, आणि तुम्ही विचारताय की अंड्यात विष घालून ठेवलं तर चालेल का.

आधी विषाचं बोलते, कारण बाकीचं वाचायच्या आत तुम्ही ते करून बसाल. घालू नका. विष घातलेलं अंडं मुंगूसच खाईल याची काही खात्री नाही. गल्लीतलं कुत्रं खाईल, शेजारचं मांजर खाईल, नाहीतर तुमची स्वतःचीच कोंबडी त्याला चोच मारेल. परड्यात लहान मुलं असतील तर विचारूच नका. शिवाय मुंगूस, रानमांजर, उदमांजर, घोरपड ही सगळी जनावरं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यांना मारणं हा गुन्हा आहे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे अजून चोर कोण हेच ठरलेलं नाही.

आमचं घर करवीर तालुक्यात, पन्हाळ्याच्या रस्त्याला. परड्याला लागूनच ऊस. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून या घरात कोंबड्या आहेत. आता ११ वर्षं खुराड्याचं सगळं मी बघते. लहान-मोठ्या मिळून ३० च्या आसपास आहेत. तुमच्यासारखंच आमचंही एका जानेवारीत झालं होतं. आठवड्यात तीन कोंबड्या गेल्या, तिन्ही खुराड्याच्या आतच पडलेल्या, मुंडकं नाही, बाकी अंगाला धक्का नाही. बघायला आलेला प्रत्येक जण एकच बोलला, मुंगूस. दीर पिंजरा मागून आणायला निघाले सुद्धा.

मला मात्र एक गोष्ट पटेना. रात्री झोपताना मी कोंबड्या बघितल्या होत्या, सगळ्या धड होत्या. पहाटे दार उघडलं तर ही मेलेली. मुंगूस हे दिवसाचं जनावर. सकाळी ऊन पडल्यावर आणि तिसऱ्या प्रहरी ते फिरतं, रात्री बिळात असतं. मग रात्रीत झालेला घात त्याच्यावर कसा घालायचा? दाराची कडी जशीच्या तशी. खाली उकरलेलं नाही. नीट बघितलं तेव्हा दिसलं की रक्त जाळीच्या बाहेरच्या बाजूला जास्त होतं आणि मानेची बारीक पिसं तारेत बाहेरच्या अंगाला अडकली होती. आमचा बसायचा दांडा जाळीला अगदी चिकटून होता. म्हणजे जनावर आत आलंच नव्हतं. बाहेर उभं राहून, जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीची मान ओढून घेत होतं.

मग आत्तींनी सांगितलेलं केलं. शेणीची राख चाळून घेतली आणि संध्याकाळी कोंबड्या आत गेल्यावर खुराड्याच्या चारी बाजूंनी दोन-दोन फूट पसरली, वरून खराट्यानं हलक्या हातानं सारखी केली. पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या रात्री फक्त कुत्र्याचे पाय, तेही लांबून गेलेले. तिसऱ्या सकाळी जाळीच्या कडेला ठसे होते. मांजरासारखेच लहान, पण बोटं मोजली तर पाच. मांजराची चार उठतात. गोठ्याच्या भिंतीवर चढून बघितलं तर तिथे वाळलेली विष्ठा, आणि तिच्यात चिक्कूच्या काळ्या चकचकीत बिया, अख्ख्याच्या अख्ख्या. शेजारी चिक्कूचं झाड आहे. तेव्हा कोडं सुटलं. आमच्याच माळ्यावर कौलाखाली राहणारं उदमांजर होतं ते. फळं खाऊन राहणारं जनावर, पण सहज मिळाली तर कोंबडीही सोडत नाही.

उपाय काय केला? दांडा जाळीपासून दीड फूट आत घेतला आणि दांड्याच्या उंचीपर्यंत बाहेरून जुना पत्रा ठोकला. बस. त्यानंतर त्या तऱ्हेनं एकही कोंबडी गेली नाही. उदमांजर अजूनही माळ्यावर आहे. पिंजरा लावून त्या वेळी आम्ही एखादं बिचारं मुंगूस धरलं असतं आणि कोंबड्या जातच राहिल्या असत्या.

म्हणून माझं सांगणं असं की मेलेली कोंबडी बघून नाव घेऊ नका. जखम फसवते. आधी बघा कधी गेली, मग बघा कुठून गेली, आणि मग मागे काय राहिलं ते बघा. तिन्ही जुळली की नाव आपोआप समोर येतं.

‘कधी’ हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच कुणी लिहून ठेवत नाही. दिवेलागणीला आत घेताना मोजा, पहाटे सोडताना मोजा, दुपारी दाणे टाकताना परत मोजा. भिंतीवर खडूनं लिहा. दोन दिवसांत कळेल की कोंबडी दिवसा जाते की रात्री. दिवसा जात असेल तर मुंगूस, भटकी कुत्री, घार, शिक्रा, कावळा यांच्यावर नजर ठेवा. रात्री जात असेल तर उदमांजर, रानमांजर, कोल्हा, घूस, साप. कुत्रं आणि साप मात्र दोन्ही वेळेला येतात.

मुंगसाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सगळं खापर त्याच्यावरच फुटतं. ते मारतं तेव्हा मानेला नाहीतर डोक्याच्या मागे चावतं. कोंडलेल्या खुराड्यात शिरलं तर एकीवर थांबत नाही, फडफड होईल तशी दोन-चार मारून टाकतं, आणि मोठी कोंबडी ओढून नेता येत नाही म्हणून मानेकडचं खाऊन तशीच सोडून जातं. लोक म्हणतात ते रक्त पितं. पीत नाही. मानेवर दात बसले की रक्त तिथेच वाहून जातं, आणि अंग धड राहिलं म्हणून आपल्याला वाटतं की रक्त पिऊन गेलं. अंडी असतील तर फोडून खातं, कवच तिथेच पडलेलं सापडतं. आणि त्याला यायला मोठी वाट लागत नाही. जिथून त्याचं डोकं जातं तिथून ते अख्खं जातं. आमच्या परड्यात मुंगशीण पिल्लं घेऊन फिरते. ती आहे म्हणून उंदीर आणि साप कमी आहेत असं आत्ती म्हणतात, आणि मलाही ते पटतं.

कुत्र्यांनी मारलेलं चटकन ओळखू येतं. तीन-चार कोंबड्या इकडे तिकडे फेकलेल्या, पाठीला आणि मांडीला चावे, सगळीकडे पिसंच पिसं, आणि खाल्लेलं जवळजवळ काहीच नाही. कोल्हा असं करत नाही. तो एक धरतो आणि घेऊन जातो, मागे पिसांची माग राहते आणि ती उसाच्या नाहीतर ओढ्याच्या दिशेनं जाते. रानमांजर, ज्याला आमच्याकडे बाऊल म्हणतात, तेही उचलून नेतं.

आता तुमच्या त्या ‘नुसत्या पिसां’कडे येते. पिसं उचला आणि त्यांची देठं बघा. देठ अख्खं, टोकापर्यंत शाबूत असेल आणि पिसं एकाच जागी गोल पडली असतील, तर ते पक्ष्याचं काम. शिकारी पक्षी बसून एकेक पीस उपटतो. देठं चावलेली, मधेच तुटलेली, लाळेनं चिकटलेली असतील तर चार पायांचं जनावर. घार बहुतेक पिल्लंच नेते, वाढलेली कोंबडी तिला झेपत नाही. पण तुमचं गाव घाटाच्या बाजूचं, झाडीतलं असेल तर मोरघार मोठी कोंबडीही मारते. पक्षी येऊन गेला की कोंबड्या बराच वेळ आवाज न करता अडचणीत दबून बसतात, हीही एक खूण.

ठशांचं थोडक्यात सांगते. मांजर आणि रानमांजर: गोल ठसा, चार बोटं, नखं उमटत नाहीत. कुत्रा आणि कोल्हा: चार बोटं, पुढे नखांचे टिंब, कोल्ह्याचा ठसा जरा लांबट. मुंगूस: पाच बोटं आणि नखं स्पष्ट. घोरपड गेली असेल तर पायांच्या मधून शेपटीची रेघ ओढलेली दिसते. गोल, बिननखांचा ठसा चार बोटं आडवी धरली तर जेवढी रुंदी होते तेवढा असेल, तर तिथून पुढे स्वतः शोधत बसू नका. तो बिबट्या आहे. आपल्याकडे उसात ते राहतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिला फोन करा आणि संध्याकाळी मुलांना परड्यात एकटं पाठवू नका.

पिल्लं जात असतील तर सगळा हिशेब वेगळा. आमच्याकडे उदमांजराच्या भानगडीतच ११ पिल्लांतली ४ गेली होती, आणि मी तीही त्याच्याच खात्यावर टाकली होती. नंतर शेणी रचून ठेवल्या होत्या त्याच्यामागे ताज्या मातीचा ढीग दिसला आणि बिळाच्या तोंडाशी पिल्लाचा एक पाय. घूस होती. एका वेळी दोन-दोन चोर असू शकतात. तुमच्याकडेही मला तसंच वाटतंय, कारण जागेवर मान खाणारं आणि उचलून नेणारं ही दोन वेगळी कामं आहेत.

सापाचं काम फार स्वच्छ असतं. अंडी कवचासकट नाहीशी होतात, एक तुकडाही मागे राहत नाही. पिल्लू मेलेलं असेल पण डोकं आणि मान ओली चिकट असेल, तर सापानं गिळायला घेतलं आणि जमलं नाही म्हणून टाकलं. धामण असेल तर ठीक, पण नागही कोंबड्यांच्या घरात येतो. म्हणून अंडी काढायला हात घालण्याआधी बॅटरी मारून बघायची, दिवसासुद्धा. कवचाचे तुकडे आणि पेंढ्याला बलक चिकटलेला दिसला तर कोंबडीच्या चोचीकडे बघा. कधी कधी आपलीच कोंबडी अंडी खायला लागलेली असते.

आणखी एक गोष्ट. कोंबडी आधी मेली आणि मग खाल्ली गेली, असंही होतं. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आला की रात्रीत कोंबड्या मरतात, आणि मेलेलीला घूस, मांजर कुणीही तोंड लावतं. उरलेल्यांमध्ये मान वाकडी होणं, हिरवी पातळ हगवण, पंख पाडून बसणं असं काही दिसत असेल तर चोर शोधणं थांबवा आणि जनावरांच्या दवाखान्यात जा. लस दिली नसेल तर आधी तिचं बघा.

तुमच्या शेजारी ऊसतोड चालू आहे का? प्रश्नात तुम्ही ते लिहिलेलं नाही. फड तुटला, पाला पेटवला की त्यात राहणारी रानमांजरं, मुंगसं, कोल्हे एका दिवसात बेघर होतात आणि जवळच्या परड्यांकडे सरकतात. आमचा तो जानेवारीही पलीकडचा फड तुटल्यानंतरचाच. आता तोड सुरू व्हायच्या आठवडाभर आधीच मी खुराडं तपासते.

तपासायचं म्हणजे असं. षटकोनी भोकांची पातळ कोंबडी जाळी कोंबड्या आत ठेवायला चांगली, बाहेरच्याला अडवायला नाही, कुत्रं ती दातानं फाडतं. खालचे दोन-तीन फूट तरी अर्धा इंची वेल्डमेश लावा. तीच जाळी खाली फूटभर गाडा, नाहीतर बाहेरच्या बाजूला जमिनीवर फूटभर आडवी टाकून वर दगड-माती घाला. उकरणारं जनावर भिंतीच्या कडेलाच उकरतं, त्याला जाळी लागली की सोडून देतं. दाराखालची फट बघा. सुतळीनं बांधलेलं दार म्हणजे दार नाही, कडी लावा. रवणीला, म्हणजे अंड्यांवर, बसलेली कोंबडी डालग्याखाली असेल तर डालगं घरात घ्या, नुसता वर दगड ठेवून भागत नाही. खुराड्याजवळ पाचट, लाकडं, शेणी रचू नका. अंडी दुपारीच काढा. एवढ्याला खर्च फक्त जाळीचा, आणि १५-२० कोंबड्यांच्या खुराड्याला ती फार लागत नाही.

आज मात्र जाळी आणायच्या आधी राख पसरा. पाऊस नसेल तर तीन रात्री तरी. राख नसेल तर रस्त्यावरचा बारीक फुफाटा चालतो. एखादा जुना मोबाइल चार्जिंगला लावून खुराड्याकडे तोंड करून व्हिडिओवर ठेवता आला तर आणखी चांगलं. ठसा सापडला की शेजारी दहाचं नाणं ठेवून वरून सरळ फोटो काढा, आणि त्या सात कोंबड्या कुठल्या कुठल्या वेळेला गेल्या ते आठवेल तसं लिहून इथे टाका. बोटं मोजता आली तर मी बघून सांगते.