मानवी हक्क संस्थेत इंटर्नशिपला जाताना
रुजू होण्यापूर्वी १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यातील ३० कलमे शांतपणे वाचून काढा. तो मजकूर फार मोठा नाही. पीडित व्यक्तीची हकिकत नोंदवताना, ती कशासाठी हवी आहे आणि कोणाच्या हाती जाणार आहे हे आधी सांगून संमती घ्या, बोलता बोलता ती व्यक्ती थांबली तर पेन खाली ठेवा, आणि नाव-पत्ता त्याच कागदावर न लिहिता कुलपात राहणाऱ्या वेगळ्या वहीत सांकेतिक क्रमांकासह नोंदवा. सुरुवातीच्या काळात मी एका बाईंना तोच प्रसंग तिसऱ्यांदा सांगायला लावला होता. आधीची नोंद फायलीत होती, मी ती उघडलीच नव्हती. म्हणून जुन्या फायली लावण्याचे काम मिळाले तर ते मनापासून करा. तुमचा कालावधी कधी संपतो, हेही लोकांना पहिल्याच भेटीत सांगा.